विमानाच्या पंख्याची परीक्षा

चाके लावलेल्या पाटावर एक टेबलफॅन ठेवला आहे, अशी कल्पना करा. बटण दाबले की वारा पुढे जातो आणि पंखा पाटासकट मागे सरकू पाहतो. न्यूटनचा तिसरा नियम! विमानाचा पंखा, म्हणजे प्रोपेलर, हेच करतो. तो हवा मागे फेकतो आणि त्या बदल्यात विमानाला पुढे रेटा मिळतो.

आता समजा, तुमच्यापुढे दोन निरनिराळे प्रोपेलर ठेवले आणि विचारले, ‘यांतला चांगला कोणता?’ तुमच्यापैकी कोणी म्हणेल, ‘त्यात काय अवघड आहे? दोन्ही खोलीत फिरवू, ताणकाटा लावून रेटा मोजू. ज्याचा रेटा जास्त तो चांगला.’

उत्तर सुचण्यासारखे आहे, पण फसवे आहे. का, ते पाहू या.

पंखा म्हणजे फिरणारा पंख

इंजिनाने दिलेल्या शक्तीपैकी किती शक्ती विमानाला पुढे नेण्याच्या कामी आली, यावर प्रोपेलरची कार्यक्षमता ठरते. उपयोगी शक्ती म्हणजे रेटा गुणिले विमानाचा वेग. खोलीत वेग शून्य. म्हणून रेटा कितीही मोठा असला तरी कार्यक्षमता शून्यच! जागच्या जागी उत्तम ओढणारा पंखा उड्डाणात अगदी सामान्य ठरू शकतो.

याचे कारण पात्याच्या कोनात आहे. राइट बंधूंनी १९०१ साली डेटन गावातल्या आपल्या सायकलींच्या दुकानात सुमारे सहा फूट लांबीची एक लाकडी पेटी बनवली. तिच्यात पंख्याने वारा सोडून त्यांनी विमानाच्या पंखांचे कितीतरी लहान लहान नमुने तपासले. वाऱ्याच्या अशा बोगद्याला विंड टनेल म्हणतात. पुढे विमानासाठी प्रोपेलर करायची वेळ आली तेव्हा त्यांच्या ध्यानात आले, की पंखा म्हणजे मळसूत्राच्या वाटेने जाणारा पंखच आहे. मग पंखांच्या त्याच कोष्टकांवरून त्यांनी पात्यांचा हिशेब केला. १७ डिसेंबर १९०३ रोजी त्यांचे विमान उडाले, ते या पात्यांच्या जोरावर.

आपणही थोडा हिशेब करू. प्रोपेलरचा व्यास ३ मीटर आहे आणि तो सेकंदाला २५ फेरे घेतो. पात्याचे टोक सेकंदाला ३.१४ × ३ × २५, म्हणजे सुमारे २३५ मीटर अंतर कापते. त्याच वेळी विमान सेकंदाला ६० मीटर पुढे जाते. म्हणून टोकाची वाट फिरण्याच्या प्रतलाशी सुमारे १४ अंशांचा कोन करते. पात्याच्या मध्यावर फिरण्याचा वेग निम्माच असतो, त्यामुळे तेथे हा कोन सुमारे २७ अंश होतो. प्रोपेलरचे पाते पिळलेले का असते, ते आता कळले ना?

विमान उभे असेल तर हे सारे कोन बदलतात. हवा पात्याला फार मोठ्या कोनात भेटते आणि पाते उड्डाणातल्यासारखे वागतच नाही. म्हणून परीक्षा घ्यायची तर पंख्याला वारा दिलाच पाहिजे. विमान हवेतून गेले काय किंवा तितक्याच वेगाने हवा विमानावरून गेली काय, बल तेच.

लहान्यावरून मोठ्याची पारख

पण ३ मीटर व्यासाच्या पंख्यासाठी केवढा मोठा बोगदा लागेल! १ मीटरचा नमुना चालणार नाही का? चालेल, पण एक अट आहे. हवा पात्याला भेटण्याचा कोन तोच राहिला पाहिजे. हा कोन एका गुणोत्तरावर ठरतो: वेग भागिले (फेरे × व्यास). आपल्या प्रोपेलरसाठी ते ६० ÷ (२५ × ३) = ०.८ येते. नमुन्यावर सेकंदाला २० मीटरचा वारा सोडला आणि तो २५ फेऱ्यांनी फिरवला, तर २० ÷ (२५ × १) = ०.८. जुळले!

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात विल्यम ड्युरँड आणि एव्हरेट लेस्ली यांनी १९१६ ते १९२६ या काळात नेमके हेच केले. साडेपाच फूट व्यासाच्या वाऱ्याच्या झोतात ते तीन फुटी प्रोपेलर फिरवत. पहिल्याच मालिकेत त्यांनी ४८ नमुने घेतले. पात्याचा कल, रुंदी, आकार यांत पद्धतशीर फरक करत जायचे आणि दर वेळी रेटा, फिरवायला लागणारा जोर, फेरे व वाऱ्याचा वेग मोजायचा. आलेखावर एक गोष्ट ठळक दिसे. गुणोत्तर वाढते तशी कार्यक्षमता चढत जाते, शिखर गाठते आणि मग कोसळते. पात्याचा कल बदलला की शिखराची जागाही बदलते. उड्डाणाला एक कल हवा, वेगाने जायला दुसरा! उड्डाण चालू असताना पात्यांचा कल बदलता येणारे प्रोपेलर १९३०नंतरच्या काळात वापरात आले, त्यांची गरज या आलेखांत वाचता येते.

नमुना कुठे चुकतो?

तरीही लहान नमुना पुरे सत्य सांगत नाही. आपल्याच उदाहरणात खऱ्या पात्याचे टोक सेकंदाला २३५ मीटर धावते, तर नमुन्याचे जेमतेम ७८ मीटर. ध्वनीचा वेग आहे सुमारे ३४०. त्याच्या जवळ जाताना हवा दाबली जाते, आणि पात्याचा विरोध एकदम वाढतो. नमुन्याला याचा पत्ताच नसतो. शिवाय विमानात प्रोपेलरमागे इंजिन आणि धड असते, तेही वाऱ्याला अडवते.

उपाय एकच: खराखुरा प्रोपेलर, खऱ्या इंजिनावर. त्यासाठी अमेरिकेत लँग्ली येथे २० फूट झोताचा बोगदा बांधला गेला आणि १९२७ साली तो सुरू झाला. त्याचा पंखा फिरवायला पाणबुडीची दोन डिझेल इंजिने आणली होती, प्रत्येक १००० अश्वशक्तीचे! टोकाचा वेग सेकंदाला सुमारे ३०० मीटरच्या पुढे गेला की कार्यक्षमता घसरू लागते, हे तेथे खऱ्या मापाच्या प्रोपेलरवर मोजता आले.

विद्यार्थी मित्रांनो, म्हणून ड्युरँड यांचे नमुने निरुपयोगी ठरले का? मुळीच नाही. कोणता प्रोपेलर कोणत्या कामाचा, हे त्यांनीच दाखवले. नमुना कोणत्या प्रश्नाचे उत्तर देऊ शकतो आणि कोणत्या प्रश्नाचे नाही, हे ओळखणे हाही प्रयोगाचाच भाग आहे. आज लहानशा ड्रोनच्या पंख्याची परीक्षा घेतानाही तेच गुणोत्तर वापरतात.

आता एक गणित तुमच्यासाठी. प्रोपेलरचा व्यास २ मीटर, फेरे सेकंदाला ३०, विमानाचा वेग सेकंदाला ४५ मीटर. त्याचा ५० सेंटिमीटरचा नमुना सेकंदाला १५ मीटरच्या वाऱ्यात किती फेऱ्यांनी फिरवाल? उत्तर ४० आले, तर दोन्ही पात्यांच्या टोकांचे वेगही काढा आणि हा नमुना काय सांगू शकणार नाही, ते वहीत लिहा.