जिओसिटीजचे हस्तांतरण

जिओसिटीज ही अमेरिकेतील मोफत वेब होस्टिंग सेवा १९९९ साली याहू या कंपनीने विकत घेतली. या हस्तांतरणानंतर सेवेच्या अटी बदलल्या, वापरकर्त्यांनी त्याविरुद्ध आंदोलन केले आणि दहा वर्षांनी, २००९ साली, सेवाच बंद करण्यात आली. होस्टिंग कंपनीची मालकी बदलल्यावर ग्राहकांपुढे कोणते प्रश्न उभे राहतात, हे समजून घेण्यासाठी या घटनेचा दाखला दिला जातो.

पार्श्वभूमी

संकेतस्थळाची पाने, चित्रे व इतर मजकूर सतत चालू असलेल्या सर्व्हरवर ठेवावा लागतो. अशी जागा उपलब्ध करून देण्याच्या व्यवसायास वेब होस्टिंग म्हणतात. डेव्हिड बोनेट व जॉन रेझनर यांनी १९९४ साली कॅलिफोर्नियात 'बेव्हर्ली हिल्स इंटरनेट' या नावाने व्यवसाय सुरू केला. त्याचेच नाव पुढे जिओसिटीज झाले.

या सेवेची रचना एखाद्या नगरासारखी होती. विषयानुसार वसाहती पाडलेल्या होत्या. चित्रपटप्रेमींसाठी हॉलिवूड, तर संगणकाची आवड असणाऱ्यांसाठी सिलिकॉन व्हॅली. सदस्य आपल्या आवडीची वसाहत निवडून तिच्यातील एका क्रमांकाच्या 'घरात' आपले पान मांडत असे. सदस्यांना 'होमस्टेडर', म्हणजे वस्ती करून राहणारे, असे संबोधले जाई. वसाहतींची देखरेख व नवागतांना मदत ही कामे अनेक स्वयंसेवक करीत. सेवा मोफत होती आणि उत्पन्नाचा मुख्य मार्ग जाहिरातींचा होता. ऑक्टोबर १९९७ पर्यंत सदस्यसंख्या दहा लाखांवर पोहोचली. ऑगस्ट १९९८ मध्ये कंपनीचे समभाग नॅसडॅक बाजारात विक्रीस आले.

खरेदी

याहूने २८ जानेवारी १९९९ रोजी जिओसिटीजच्या खरेदीची घोषणा केली. सुमारे ३.५७ अब्ज डॉलर मूल्याचा हा व्यवहार समभागांच्या स्वरूपात झाला आणि मे १९९९ अखेर पूर्ण झाला. जिओसिटीजचे मोल प्रामुख्याने सदस्यांनी विनामोबदला तयार केलेल्या पानांवर आणि त्या पानांना भेट देणाऱ्या वाचकांवर अवलंबून होते. मात्र या व्यवहारात सदस्य हे पक्षकार नव्हते. ज्यांच्या श्रमांमुळे सेवेला किंमत आली, त्यांना विक्रीबाबत मत मांडण्याचा कोणताही अधिकार नव्हता. पुढील असंतोषाचे मूळ या विसंगतीत आहे.

अटींमधील बदल व आंदोलन

जून १९९९ च्या अखेरीस याहूने सेवेच्या नव्या अटी लागू केल्या. त्यांतील एका कलमानुसार, सदस्याने पानावर ठेवलेला मजकूर व चित्रे वापरण्याचा, त्यांत फेरफार करण्याचा, ती प्रसिद्ध करण्याचा आणि तो हक्क इतरांनाही देण्याचा कायमस्वरूपी व अपरिवर्तनीय परवाना याहूला मिळत होता. सदस्याला यासाठी कोणताही मोबदला मिळणार नव्हता.

या कलमाचा अर्थ लक्षात येताच सदस्यांत संतापाची लाट उसळली. कोणी स्वतःच्या कविता, कोणी छायाचित्रे, कोणी कुटुंबाचा इतिहास तेथे ठेवला होता. अनेकांनी पाने काढून टाकली. काहींनी रंगीत पाने पुसून त्यांच्या जागी करड्या रंगाची ओकीबोकी पाने ठेवली आणि वादग्रस्त कलमाचा मजकूर त्यांवर लावला. पानांचे रंग गेल्यामुळे वसाहती निर्जन वाटू लागल्या. हे आंदोलन 'हॉन्टिंग', म्हणजे झपाटणे, या नावाने ओळखले जाते. वर्तमानपत्रांनीही त्याची दखल घेतली.

याहूने थोड्याच दिवसांत माघार घेतली. सदस्यांच्या मजकुरावर कंपनीची मालकी नाही आणि परवाना सेवेतील प्रदर्शनापुरता व मजकूर तेथे असेपर्यंतच लागू राहील, अशी सुधारणा जुलै १९९९ मध्ये करण्यात आली. त्याच सुमारास वसाहतींवर आधारित पत्त्यांऐवजी सदस्यनामावर आधारित पत्ते देण्यास प्रारंभ झाला आणि नगराची मूळ कल्पना मागे पडली. २००१ साली सशुल्क योजना आल्या. मोफत पानांवरील वाहतुकीस मर्यादा घालण्यात आली. मर्यादा ओलांडल्यास पान काही काळ दिसेनासे होई.

सेवेचा शेवट

एप्रिल २००९ मध्ये याहूने सेवा बंद करण्याचे जाहीर केले आणि नवी नोंदणी थांबवली. सदस्यांना आपली पाने स्वतः उतरवून घेण्याचा किंवा कंपनीच्या सशुल्क होस्टिंग सेवेत जाण्याचा पर्याय देण्यात आला. २६ ऑक्टोबर २००९ रोजी सेवा बंद झाली. याहू जपानची स्वतंत्र जिओसिटीज सेवा मात्र ३१ मार्च २०१९ पर्यंत चालू राहिली.

मुदत दिली गेली असली तरी अनेक सदस्यांनी जुना ईमेल पत्ता सोडला होता. काही सदस्य हयात नव्हते. अशा पानांचे रक्षण करण्यासाठी जेसन स्कॉट यांच्या पुढाकाराने चालणाऱ्या 'आर्काइव्ह टीम' या स्वयंसेवकांच्या गटाने व 'इंटरनेट आर्काइव्ह' या संस्थेने शक्य तितकी पाने उतरवून घेतली. आर्काइव्ह टीमने २०१० साली ६०० गिगाबाइटहून अधिक आकाराचा संग्रह सर्वांसाठी खुला केला. ओलिया लिआलिना व ड्रागन एस्पेनशीड या कलावंतांनी या संग्रहाच्या आधारे प्रारंभीच्या वेब-संस्कृतीचा अभ्यास केला आहे.

असंतोषाची कारणे

ग्राहकाचा करार एका कंपनीशी झालेला असतो, परंतु तो दुसऱ्या कंपनीकडे सोपवण्याची मुभा बहुधा करारातच असते. नवा मालक खर्च कमी करण्यासाठी निरनिराळ्या सेवा एकाच यंत्रणेवर आणतो. या स्थलांतरात सर्व्हरचा पत्ता बदलतो, जुन्या आज्ञावली चालेनाशा होतात आणि ईमेल खंडित होऊ शकते. ओळखीचा मदतकक्ष जाऊन नवा येतो. नूतनीकरणाचे दरही बदलू शकतात.

यंत्रणा एकवटल्याने जोखीमही एकवटते. ब्लूहोस्ट व होस्टगेटर या सेवा अनुक्रमे २०१० व २०१२ साली एन्ड्युरन्स इंटरनॅशनल ग्रुपच्या मालकीच्या झाल्या. ऑगस्ट २०१३ मध्ये युटा राज्यातील प्रोव्हो येथील विदा केंद्रात बिघाड झाला, तेव्हा या दोन्ही नावांखालील ग्राहकांची संकेतस्थळे एकाच वेळी बंद पडली.

भारतातील संदर्भ

मुंबईत उभ्या राहिलेल्या डायरेक्टी समूहाच्या बिगरॉक, रीसेलरक्लब इत्यादी सेवा २०१४ साली एन्ड्युरन्सने विकत घेतल्या. २०२१ साली क्लिअरलेक कॅपिटलने एन्ड्युरन्स विकत घेतली आणि वेब डॉट कॉमशी जोडून न्यूफोल्ड डिजिटल ही कंपनी स्थापन झाली. म्हणजेच सेवेचे नाव तेच असताना सात वर्षांत तिची मालकी दोनदा बदलली.

भारताच्या ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मधील 'सेवा' या संज्ञेत विनामूल्य सेवेचा अंतर्भाव होत नाही. त्यामुळे मोफत होस्टिंग वापरणाऱ्यास या कायद्याचा आधार मिळणे कठीण असते.

ग्राहकांनी घ्यावयाची दक्षता

होस्टिंग, डोमेन नाव व मजकूर या तीन भिन्न गोष्टी आहेत. डोमेन नाव ग्राहकाच्या स्वतःच्या नावे नोंदलेले असल्यास होस्टिंग कंपनी बदलूनही संकेतस्थळाचा पत्ता कायम राहतो. जिओसिटीजच्या सदस्यांचे पत्ते कंपनीच्याच डोमेनखाली असल्याने त्यांना ही सोय नव्हती. मजकुराची प्रत नियमितपणे स्वतःच्या संगणकावर ठेवणे, नोंदणीतील ईमेल पत्ता अद्ययावत राखणे आणि मालकी बदलल्याची सूचना आल्यास नव्या अटी, दर व स्थलांतराची मुदत तपासणे आवश्यक असते. शाळा, ग्रंथालये व लहान संस्थांची संकेतस्थळे बहुधा एखाद्या कर्मचाऱ्याच्या वैयक्तिक खात्यावर नोंदलेली असतात. ती व्यक्ती निवृत्त झाल्यावर कंपनीच्या सूचना कोणापर्यंतच पोहोचत नाहीत. म्हणून अशी नोंदणी संस्थेच्या नावे असणे इष्ट ठरते.