तळ्यावरची शिडं

नागपुरातल्या सक्करदऱ्याच्या माणसाला तलावाचं अप्रूप नाही. घराजवळ भोसल्यांच्या काळचा सक्करदरा तलाव, शहरात गांधीसागर आणि नाईक तलाव, तिकडे सोनेगाव, पश्चिमेला फुटाळा, अंबाझरी, गोरेवाडा. एवढी तळी उशाशी असूनही शिडाच्या होडीचा विषय निघाला की आपण हात झटकतो: तो समुद्रवाल्यांचा खेळ, आणि समुद्र तर समृद्धी महामार्गाच्या 701 किलोमीटरच्याही पलीकडे. पण शिडाला लागतो तो वारा. पाणी खारं की गोडं, याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

पुरावा शेजारच्या राज्यात आहे. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्या पाण्याखाली गेल्या, ते नागपूरकर विसरलेले नाहीत. त्यानंतर तीनच दिवसांनी चीनमधल्या आशियाई स्पर्धेत नेहा ठाकूर या सतरा वर्षांच्या मुलीनं लहान शिडाच्या होडीत रौप्यपदक मिळवलं. ती देवास जिल्ह्यातल्या शेतकऱ्याची मुलगी, होडी शिकली भोपाळच्या बड्या तलावावर. राजा भोजाच्या नावावर असलेला हा तलाव. त्याच्या काठावरच्या सेलिंग शाळेतून आलेल्या हर्षिता तोमरनंही 2018 च्या आशियाई स्पर्धेत कांस्य मिळवलं होतं. दोघींच्याही गावापासून समुद्र लांबच.

नेहाच्या गुणांवरून या खेळाचा हिशेब कळतो. एका स्पर्धेत एकच शर्यत नसते, अनेक असतात. पहिल्या येणाऱ्याला 1 गुण, दुसऱ्याला 2, दहाव्याला 10. शेवटी ज्याची बेरीज सर्वांत कमी, तो जिंकला. वाऱ्यानं एखाद्या दिवशी दगा दिला म्हणून सगळं मातीत जाऊ नये, यासाठी सर्वांत वाईट शर्यत वजा करतात. नेहाच्या 11 शर्यतींची बेरीज 32. त्यातले वाईट 5 वगळून 27. म्हणजे पठ्ठी सगळ्या आठवड्यात पाचव्या क्रमांकाच्या खाली गेलीच नाही. एकदाच पहिलं येण्यापेक्षा असं सातत्य इथे मोलाचं.

क्लबात मुलं सुरुवात करतात ती बहुधा ‘ऑप्टिमिस्ट’ होडीवर. 1947 साली अमेरिकेत फ्लोरिडातल्या क्लिअरवॉटर गावी क्लार्क मिल्स या होडीकारागिराला सांगण्यात आलं, की पोरांना परवडेल अशी होडी कर. बाजारात प्लायवूडची फळी आठ फुटांची मिळायची, म्हणून होडी आठ फुटांहून किंचित आखूड. पुढे टोक काढायचं तर लाकूड आणि मेहनत वाढते, म्हणून टोकच नाही. नाकाच्या जागी सपाट फळी. देखणी म्हणता येणार नाही, पण बिघडण्यासारखं तिच्यात काही नाही. एक डोलकाठी, खालची आडवी काठी, शीड तिरपं ताणून धरणारी तिसरी बारीक काठी, एकच चौकोनी शीड. ते डोलकाठीला दोऱ्यांच्या तुकड्यांनी बांधलेलं असतं आणि प्रत्येक गाठ मुलानं स्वतः मारायची. मधल्या खाचेतून पाण्यात उतरवायची पाती, मागे सुकाणू, आणि आत आलेलं पाणी उपसायला तळ कापलेला प्लास्टिकचा डबा, दोरीनं बांधलेला. बांधलेला नसला तर होडी उलटल्यावर पहिला तोच वाहून जातो. वयाची मर्यादा पंधरा वर्षं.

वाऱ्याच्या दिशेनं होडी जाते यात नवल नाही. नवल उलट जाण्यात आहे. वारा समोरून असेल तर कुठलंही शीड सरळ पुढे जाऊ शकत नाही. पण साधारण 45 अंशांचा कोन सोडला तर जातं. शिडाला वारा एका बाजूनं रेटतो, पाण्यातली पाती आडवं सरकू देत नाही. ओला चिंचोका दोन बोटांत दाबला की जसा पुढे सटकतो, तशी होडी पुढे सटकते. मग थोडं डावीकडे, वळण, थोडं उजवीकडे, पुन्हा वळण, असं नागमोडी करत वाऱ्याच्या बाजूचा बोया, म्हणजे शर्यतीची तरंगती खूण, गाठायचा. प्रत्येक वळणात वेग मोडतो, म्हणून किती वेळा आणि कुठे वळायचं, यातच शर्यतीचा निकाल असतो.

खरी गंमत सुरुवातीच्या पाच मिनिटांत. पळण्याच्या शर्यतीत खेळाडू रेषेवर उभा राहू शकतो. होडीला उभं राहता येत नाही. पंचांची बोट आणि एक बोया यांच्यामध्ये डोळ्यांनीच कल्पायची रेषा. भोंगा वाजतो, झेंडा चढतो: पाच मिनिटं. चार मिनिटं उरली की दुसरा झेंडा. एक मिनिट उरलं की तो उतरतो. या वेळात वीस-तीस होड्या एकमेकींना घासून फिरत असतात, शिडं फडफडत असतात, आणि जो तो मनगटावरच्या घड्याळाकडे बघत असतो. शून्याला, पूर्ण वेगात, रेषेच्या अगदी अलीकडे असायचं. दोन सेकंद आधी ओलांडली तर परत फिरा. दहा सेकंद उशीर झाला तर पुढच्यांच्या शिडांनी खराब केलेला वारा पदरात.

त्या गर्दीत एक आरोळी सारखी ऐकू येते: ‘स्टारबोर्ड!’ ज्याच्या होडीला वारा उजव्या बाजूनं लागतो त्याचा हक्क पहिला, दुसऱ्यानं वाट सोडायची. नाही सोडली तर? क्लबच्या शर्यतीत शिट्टी घेऊन मागे फिरणारा पंच सहसा नसतो. ज्याची चूक त्यानं तिथल्या तिथे होडी दोनदा गोल फिरवून स्वतःला शिक्षा करायची. बोयाला नुसता धक्का लागला तरी एक फेरा. वाद मिटला नाही तर काठावर सुनावणी होते, साक्षी होतात. मला हा खेळ आवडतो तो यासाठी. बारा वर्षांचं पोर, कोणी बघत नसताना, तीन होड्या पुढे निघून जात असताना स्वतःहून गोल फिरतं. शाळेच्या मूल्यशिक्षणाच्या तासाला हे साधत नाही.

महाराष्ट्रात या खेळाचं सर्वांत जुनं घर मुंबईत अपोलो बंदरावर. रॉयल बॉम्बे यॉट क्लबची स्थापना 1846 ची. इंग्रजांच्या अमलात तो गोऱ्यांचाच होता. त्याच्या जुन्या क्लबघरात पुढे अणुशक्ती खात्याची कार्यालयं आली. पावसाळ्यात होड्या काठावर चढतात आणि ऑक्टोबरनंतर शिडं पुन्हा बंदरात दिसू लागतात. 1982 च्या दिल्ली एशियाडची नौकानयन स्पर्धा याच मुंबईच्या पाण्यात झाली आणि फारुख तारापोर व झरीर करंजिया यांनी फायरबॉल या दोघांच्या होडीत सुवर्ण मिळवलं. मुंबईकराला भरती-ओहोटीचं गणित पाठ हवं. नाहीतर शीड पुढे नेतं आणि पाणी मागे.

तळ्यावर भरती नाही, पण वारा खोडकर. झाडं, इमारती, टेकाड यांना वळसा घालून तो येतो, क्षणात दिशा बदलतो, क्षणात पडतो. पाण्यावर काळपट लहर सरकताना दिसली की झुळूक येते आहे असं समजायचं आणि इतरांच्या आधी तिथे पोचायचं. हे वाचायला शिकलेलं मूल समुद्रावर गोंधळत नाही. हैदराबादच्या हुसेनसागरावर, भर शहरात, याच भरवशावर वर्षानुवर्षं शर्यती होत आल्या आहेत.

आता आपलं. सक्करदरा तलाव शर्यतीला पुरणार नाही. चहूबाजूंनी वस्ती, पाणी थोडं. अंबाझरी किंवा गोरेवाड्याचं तसं नाही, तिथे पाण्याचा पसारा आहे. लागेल ते एवढंच: डझनभर लहान होड्या, प्रत्येकाला लाइफ जॅकेट, एक मोटरची बचावबोट, चार बोये आणि शिकवणारा माणूस. तोवर ज्यांच्या घरी आठ-दहा वर्षांचं, पोहता येणारं पोर आहे त्यांनी हिवाळ्यात एकदा भोपाळला जाऊन यावं. रस्त्यानं सुमारे साडेतीनशे किलोमीटर आहे.