काळ्या-पिवळीचा शर्यतवीर भाऊ

दोस्तांनो, सिद्धिविनायकाचं दर्शन झालं की तुमचे आजी-आजोबा घरी कसे जायचे, विचारा बघू! रस्त्यावर येऊन हात केला की समोर काळी-पिवळी प्रीमियर पद्मिनी उभी. टपावर कॅरिअर आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच. सगळे तिला ‘फियाट’च म्हणायचे. मुंबईतली शेवटची नोंदणी असलेली पद्मिनी टॅक्सी आपल्या प्रभादेवीचीच होती. वयाची 20 वर्षं भरली, म्हणून ऑक्टोबर 2023 मध्ये ती निवृत्त झाली.

या साध्यासुध्या टॅक्सीचा एक भाऊ शर्यती गाजवायचा, हे ठाऊक आहे का?

पद्मिनी बनायची कुर्ल्याला, वालचंद हिराचंद यांनी सुरू केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात. तिचं इंजिन मात्र मूळचं इटलीचं. चार सिलिंडर, सगळ्यांचं मिळून आकारमान 1089 सीसी, म्हणजे एक लिटरच्या बाटलीहून जेमतेम जास्त! 1937 साली फियाटने दान्ते जाकोसा या इंजिनिअरच्या देखरेखीखाली बनवलेल्या गाडीत ते पहिल्यांदा आलं.

दुसरं महायुद्ध संपलं आणि इटलीत चिसितालिया नावाची छोटी कंपनी शर्यतीच्या गाड्या बनवू लागली. नवं इंजिन बनवायला पैसा कुठला? मग त्यांनी फियाटचं हेच इंजिन घेतलं. सिलिंडरमध्ये पेट्रोल-हवेचं मिश्रण जास्त दाबलं, की स्फोटाचा धक्काही जास्त जोराचा बसतो. अशा सुधारणा करून त्यांनी ताकद साधारण 60 अश्वशक्तीपर्यंत नेली. सांगाडा बारीक पोलादी नळ्यांचा केला आणि वर ॲल्युमिनियमचा गुळगुळीत पत्रा चढवला. गाडी हलकी झाली आणि हवेचा अडथळाही कमी झाला.

1947 साली इटलीत ‘मिले मिलिया’ शर्यत झाली. अंतर सुमारे 1800 किलोमीटर, तेही साध्या रस्त्यांवरून! चिसितालिया चालवत होता 54 वर्षांचा ताझियो नुवोलारी. समोर अल्फा रोमिओ, इंजिन अडीचपटीहून मोठं. तरीही आपला पठ्ठ्या पुढे! तेवढ्यात पाऊस कोसळला. उघड्या गाडीच्या इंजिनात पाणी शिरलं आणि ठिणगी पडेना. ठिणगी नाही तर पेट्रोल पेटणार कसं? हिंदमाताला पाणी तुंबलं की टॅक्सी बंद पडायची, तीही बरेचदा याच कारणाने. नुवोलारीने गाडी पुन्हा चालू केली, पण अल्फा तोवर पुढे निघून गेली होती. तो दुसरा आला. तिसरा आणि चौथा नंबरही चिसितालियाचाच!

या कंपनीची ‘202’ ही गाडी न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात कायमची ठेवलेली आहे. आणि शर्यती काही इटलीतच होत नव्हत्या; आपल्याकडेही मद्रासजवळच्या शोलावरमच्या जुन्या विमान धावपट्टीवर सुधारलेल्या फियाट शर्यतीत धावत.

लहान इंजिनाने मोठ्याला घाम कसा फोडला, ते स्वतः करून बघा. दादर चौपाटीवर वारा सुटला असताना मोठा पुठ्ठा दोन्ही हातांनी वाऱ्यासमोर आडवा धरा आणि चार पावलं पळा. मग तोच पुठ्ठा त्याची कड वाऱ्याकडे येईल असा धरून पळा. कधी जोर जास्त लागला आणि का, ते वहीत लिहा आणि आम्हाला जरूर कळवा!