मुरबाडने लीड दिलं, म्हणजे नेमकं कुणी?

लोकसभेचा निकाल लागला की शहापूर-मुरबाडच्या एसटी स्टँडवर चहाबरोबर आकडे फिरू लागतात. ‘मुरबाडने लाज राखली’, ‘शहापूरने पाडलं’, ‘त्याने मतं खाल्ली नसती तर आपलाच माणूस दिल्लीत होता’. ४ जून २०२४ नंतर हे बोलणं अख्खा पावसाळा पुरलं. बोलण्यात जोर होता, हिशेब मात्र कच्चा.

आधी पक्के आकडे घेऊ. शहापूर आणि मुरबाड येतात भिवंडी लोकसभा मतदारसंघात. तिथे राष्ट्रवादी काँग्रेस (शरदचंद्र पवार) पक्षाचे सुरेश म्हात्रे ऊर्फ बाळ्यामामा यांना ४,९९,४६४ मतं पडली. २०१४ आणि २०१९ असे सलग दोनदा निवडून आलेले आणि २०२१ पासून केंद्रात पंचायती राज राज्यमंत्री असलेले भाजपचे कपिल पाटील ४,३३,३४३ वर थांबले. फरक ६६,१२१ मतांचा. तिसरे, अपक्ष निलेश सांबरे यांना २,३१,४१७.

आता पहिला गैरसमज, आणि माझ्या मते सगळ्यात मोठा: ‘मुरबाड’ म्हणजे मुरबाड तालुका.

लोकसभेची मतं तालुक्यावार मोजतच नाहीत, ती विधानसभा मतदारसंघावार मोजतात. १३९ क्रमांकाच्या मुरबाड विधानसभेत टोकावडे, धसई, सरळगाव, म्हसा हे सगळं आहेच. पण अंबरनाथ तालुक्यातलं कुळगाव-बदलापूर शहरही त्यातच आहे. २०११ च्या जनगणनेत मुरबाड तालुक्याची लोकसंख्या होती १ लाख ९० हजारांच्या घरात, तान्ह्या पोरांसकट. एकट्या बदलापूरची १ लाख ७४ हजार, आणि त्यानंतर तिथे किती टॉवर उभे राहिले ते लोकलने जाणाऱ्याला सांगायला नको. २०२४ ला मुरबाड विधानसभेच्या यादीत चार लाखांवर मतदार होते. म्हणजे ‘मुरबाडचं लीड’ म्हणून जो आकडा येतो, त्यातला मोठा वाटा सकाळची फास्ट लोकल पकडणाऱ्यांचा असतो. माळशेजच्या पायथ्याच्या शेतकऱ्याने त्याचं श्रेय किंवा खापर परस्पर स्वतःवर का घ्यावं? तालुक्याचा कल बघायचाच असेल, तर मुरबाड तालुक्यातली मतदान केंद्रं वेगळी काढून बेरीज करावी लागते. इतकी खटपट पक्षाच्या कार्यालयातसुद्धा क्वचित होते.

शहापूरबद्दलचा घोळ वेगळा आहे. विधानसभेला शहापूर अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे, म्हणून लोकसभेलाही उमेदवार आदिवासीच लागतो, असं अनेकांना वाटतं. तसं नाही. भिवंडी लोकसभा खुली आहे, जरी तिच्यातल्या सहापैकी शहापूर आणि भिवंडी ग्रामीण या दोन विधानसभा राखीव असल्या तरी. शेजारची पालघर लोकसभा राखीव आहे, आणि १ ऑगस्ट २०१४ ला जिल्हा तुटेपर्यंत आपण सगळे एकाच ठाणे जिल्ह्यात होतो. गोंधळ बहुधा तिथून आला. आणखी एक: राखीव जागा म्हणजे उमेदवार त्या प्रवर्गातला हवा, एवढंच. मत यादीतला प्रत्येकजण देतो.

सांबरे विक्रमगडकडचे, मग ते ‘बाहेरून’ कसे उभे राहिले, हाही प्रश्न ऐकला. खुल्या लोकसभा जागेसाठी देशातल्या कुठल्याही मतदारसंघाच्या यादीत नाव असलं की पुरतं.

आता ‘मतं खाल्ली’. सांबरेंची दोन लाख एकतीस हजार मतं आणि म्हात्रेंचं सहासष्ट हजारांचं मताधिक्य शेजारीशेजारी ठेवलं, की निष्कर्ष आपोआप निघाल्यासारखा वाटतो. पण कागदावर मांडून बघा. सांबरे उभेच नसते आणि त्यांची सगळी मतं उरलेल्या दोघांत वाटली गेली असती, तर कपिल पाटलांना जिंकायला त्यातली किमान १,४८,७७० मिळायला हवी होती, म्हणजे शंभरातली चौसष्टच्या वर. अर्धी-अर्धी झाली असती तर निकाल तोच राहिला असता. तसं घडलं असतं की नाही, हे कुठल्याच मशीनमध्ये नोंदलेलं नाही. शिवाय त्यातले काही लोक मतदानालाच आले नसते. मतं खाल्ली म्हणताना ती आधी कुणाच्या तरी ताटात वाढलेली होती, असं आपण धरून चालतो. सांबरेंच्या जिजाऊ संस्थेचं काम बघून मत देणाऱ्याला हे ऐकून राग आला तर तो रास्त आहे. अनामत वाचवायला वैध मतांचा सहावा हिस्सा लागतो. सांबरेंची तर मतं साडेअठरा टक्क्यांच्या आसपास होती. याला किरकोळ उमेदवारी म्हणत नाहीत.

मोजणीच्या दिवशी टीव्हीवर ‘दहाव्या फेरीत पुढे, बाराव्यात मागे’ असं दिसलं, की लगेच ‘मधे काहीतरी झालं’. मधे काय होतं ते सांगतो. सहाही विधानसभांची मोजणी एकाच वेळी, वेगवेगळ्या कक्षांत चालते. साधारण चौदा टेबलं, म्हणजे एका फेरीत चौदा केंद्रं. जाळीच्या पलीकडे उमेदवारांचे प्रतिनिधी पेन-कागद घेऊन बसलेले. टेबलावर कंट्रोल युनिट येतं, सील दाखवलं जातं, निकालाचं बटण दाबलं की एकेका उमेदवाराचा आकडा उमटतो आणि जाळीतून माना पुढे येतात. मशीनमधली एकूण मतं आणि मतदानाच्या संध्याकाळी केंद्राध्यक्षाने भरलेला नमुना १७-क यांचा ताळा लागावा लागतो. त्या नमुन्याची प्रत पक्षांच्या मतदान प्रतिनिधींना त्याच संध्याकाळी मिळालेली असते. केंद्रं क्रमांकाने येतात. समजा सुरुवातीच्या फेऱ्यांत कसारा-खर्डीकडची गावं आली आणि शेवटी वाशिंदकडची, तर आघाडी इकडची तिकडे होणारच. शेवटी प्रत्येक विधानसभेतल्या चिठ्ठीने काढलेल्या पाच केंद्रांच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या मोजतात.

‘नोटा’ जास्त झाले तर निवडणूक पुन्हा होते, हे लोकसभेला लागू नाही. महाराष्ट्र राज्य निवडणूक आयोगाने २०१८ मध्ये तशी तरतूद स्थानिक स्वराज्य संस्थांसाठी केली, ती लोकांनी लोकसभेला चिकटवली.

लोकसभेला जे झालं तेच विधानसभेला होणार, हा हिशेब तर पाच महिन्यांतच फसला. जूनमध्ये महायुतीचा उमेदवार पडला आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याच भिवंडीतल्या सहापैकी पाच विधानसभा महायुतीने घेतल्या. मुरबाडला किसन कथोरे पुन्हा आले. शहापूरला दौलत दरोडा पांडुरंग बरोरांपुढे जेमतेम तरले, पावणेदोन हजारांच्या आत. याच दोघांची २०१४ ची लढत आठवा: तेव्हा बरोरा राष्ट्रवादीत होते नि दरोडा शिवसेनेत. २०१९ ला पक्षांची अदलाबदल झाली, माणसं तीच. शहापूरच्या आकड्यांवरून पक्षाची ताकद मोजणाऱ्याने हे विसरू नये.

आणि भिवंडी ही २००९ ची नवी जागा, हेही अर्धंच खरं. १९६७ ला भिवंडीतूनच सोनुभाऊ बसवंत लोकसभेवर गेले होते. शहापूरच्या कॉलेजला त्यांचं नाव आहे.

शेवटचा गैरसमज जरा गंभीर आहे. पाड्यावर जाऊन कुणी दम देतो, ‘तू कुणाला दिलंस ते आम्हाला कळतं’. एका माणसाचं मत कुणालाही कळत नाही. केंद्राचं मात्र कळतं. मतपत्रिकांच्या काळात वेगवेगळ्या केंद्रांच्या मतपत्रिका मोजणीआधी मिसळता येत. मशीन आल्यावर ते संपलं. अनेक मशीनची मतं एकत्र मोजणारं टोटलायझर वापरावं, असं निवडणूक आयोगाने सुचवलं होतं, कायदा आयोगानेही २०१५ मध्ये शिफारस केली. ते आजवर आलेलं नाही. त्यामुळे डोळखांबच्या आडबाजूच्या छोट्या केंद्रावर कुणाला किती पडली, हे आमदारापासून सरपंचापर्यंत सगळ्यांना दिसतं.

मग तुम्हीही बघा. केंद्रनिहाय मतं नमुना २० मध्ये असतात आणि तो राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर मिळतो. मतदार यादीतला आपला भाग क्रमांक हाताशी ठेवा, त्या ओळीवर बोट ठेवा, आणि मग स्टँडवर जाऊन बोला.