म्हातारपणाचे शब्द
नागपूरच्या गांधीबागेतील कापडबाजारात, जिथे नागपुरी बोलीच्या शेजारी हिंदीही सतत कानी पडते, तिथे वृद्धांसाठी ‘बुढा’ आणि ‘बुढी’ हे शब्द सहज येतात, आणि विदर्भात ‘आमचा बुढा’ म्हणजे वडील असाही अर्थ होत असल्याने त्यांतील कठोरपणा ओसरून आपलेपणा उरतो. प्रमाण मराठीतील ‘म्हातारा’ हा शब्द संस्कृत ‘महत्तर’, म्हणजे अधिक मोठा, यावरून आलेला असून त्याच्या मुळाशी मानच आहे, याचा आज दुर्दैवाने विसर पडला आहे. ‘ज्येष्ठ नागरिक’ ही मात्र कायद्याची संज्ञा असून २००७ च्या केंद्रीय कायद्यानुसार वयाची ६० वर्षे पूर्ण केलेला भारतीय नागरिक तिच्यात मोडतो. अर्जावर ती योग्यच. समोरच्या वृद्धाला मात्र नात्याचीच हाक द्यावी.