दुसरी दुर्बीण

आमचे दादा म्हणजे गंगावेशीच्या तांबड्या मातीत घोळलेला गडी. पाहुण्याच्या वाटीत रस्सा ओतून "घ्या की आणखी!" असे दरडावणारे. असा माणूस अर्ध्या भाकरीवर हात धुऊ लागला, तेव्हाच आम्ही सावध व्हायला हवे होते. पण चार महिने सोडा आणि ओव्याच्या अर्कावर निभावले.

मग तोंडावाटे दुर्बीण झाली. जठरात गाठ, तुकडा तपासला, कॅन्सर. सीटी स्कॅनमध्ये बाकीचे पोट स्वच्छ दिसले. गाठ काढली की सुटलो, असे आम्ही धरून चाललो. तोच सर्जन म्हणाले, "आधी बेंबीजवळून दुर्बीण घालून पाहू."

"दुर्बीण झाली की!" वहिनी कळवळल्या. पोटाला हवा लागली की कॅन्सर पसरतो, असे शेजाऱ्यांनीही बजावले. (याला आधार काडीचा नाही, पण हा सल्ला आमच्याकडे न मागता मिळतो.)

डॉक्टरांनी कागदावर एक पिशवी काढली. पहिली दुर्बीण पिशवी आतून पाहते. तिची भिंत भेदून बाहेर सांडलेल्या पेशी पोटाच्या पातळ अस्तरावर, आतड्यांवरच्या चरबीच्या पदरावर रुजतात. रव्याएवढे ते ठिपके स्कॅनमधून बहुधा निसटतात. डोळ्यांना मात्र दिसतात. स्टॉकहोमच्या याकोबेउस यांनी १९१० साली माणसाच्या पोटात नळीतून डोकावल्याचे प्रसिद्ध केले, त्याचीच ही सुधारलेली तऱ्हा. पोट कार्बन डायऑक्साइडने फुगवायचे, कॅमेरा फिरवायचा, संशयित ठिपक्याचा तुकडा घ्यायचा. काहीच दिसले नाही तरी मिठाचे पाणी आत सोडून परत ओढायचे आणि त्यात पेशी शोधायच्या.

बोलता बोलता त्यांनी दादांची बेंबी चाचपली. अमेरिकेत रॉचेस्टरला डॉ. विल्यम मेयो यांच्या मदतनीस सिस्टर मेरी जोसेफ यांना काही रोग्यांच्या बेंबीत कठीण गाठ लागे, आणि त्यांचा रोग आत पसरलेला निघे. त्या गाठीला आजही सिस्टरांचेच नाव आहे. दादांच्या बेंबीत तसे काही नव्हते. मला उगीच धीर आला.

पाऊण तासाने डॉक्टरांनी मला पडद्यावरचे चित्र दाखवले. गुलाबी, चकचकीत अस्तर, आणि त्यावर पांढरे दाणे, साबुदाण्याहून बारीक. "आज जठर काढले असते तर जखम भरण्यातच दिवस गेले असते," ते म्हणाले, "आणि हे आत तसेच राहिले असते. आता आधी औषधे." तुकड्याच्या अहवालातही तेच आले.

वहिनींना सांगणे माझ्याकडे आले. त्यांनी एवढेच विचारले, "म्हणजे पोट फाडलं नाही न्हवं?"

ही गेल्या वर्षीची गोष्ट. पहिले सलाईन धनत्रयोदशीच्या आधी लागले. पाडव्याला दादांनी चकलीचा एक वेढा मोडून खाल्ला, उरलेली माझ्या ताटात टाकली आणि दरडावले, "घे की आणखी!"