खंडित उपवास कोणासाठी सुरक्षित?

दिवसाचे १६ तास अन्न वर्ज्य करून उरलेल्या ८ तासांतच जेवण आटोपण्याची रीत हा खंडित उपवासाचा सर्वाधिक प्रचलित प्रकार होय.

उपाशीपणी इन्सुलिन, म्हणजे रक्तातील साखर पेशींत पोहोचवणारे संप्रेरक, कमी होते, यकृतातील साखरेचा साठा ओसरतो आणि शरीर चरबी वापरू लागते. तथापि वजन घटते ते मुख्यतः एकूण उष्मांक घटल्यामुळे.

चीनमधील ग्वांगझू येथे १३९ लठ्ठ व्यक्तींवर वर्षभर झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दोन्ही गटांना सारखाच मोजका आहार होता, परंतु एका गटाने सकाळी ८ ते दुपारी ४ याच वेळेत जेवूनही दोन्ही गटांच्या वजनघटीत लक्षणीय फरक आढळला नाही.

म्हणूनच उपवास सोडताना साबुदाण्याची तुपकट खिचडी भरपेट खाल्ल्यास लाभ उरत नाही. डाळी, उसळी, भाज्या व ताक यांनी प्रथिने व तंतू मिळतात.

निरोगी प्रौढांना ही पद्धत सामान्यतः मानवते. मात्र इन्सुलिन किंवा साखर कमी करणारे ग्लिमेपिराइड हे औषध घेणाऱ्या मधुमेहींची साखर धोकादायकरीत्या उतरू शकते, त्यामुळे त्यांनी वैद्यकीय सल्ल्याविना हा प्रयोग करू नये. गर्भवती, स्तनदा माता, मुले व आहारविकारग्रस्त यांनी तो टाळावा.